अंधांचा ज्ञानदाता : लुई ब्रेल

जैन दर्शनात पाच इंद्रियांचा क्रम सांगितला आहे. स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र. या क्रमात चक्षू चौथ्या स्थानी आहे. पहिले स्थान स्पर्शनाचे असून ते एकेंद्रिय जीवालाही लाभलेले असते. माणसाने मात्र विद्येचा बहुतेक भार चौथ्या इंद्रियावर टाकला. ग्रंथ, पाटी, पत्र, हिशेबाची चोपडी, सारे काही डोळ्यांसाठी. ज्याची दृष्टी गेली त्याच्यासाठी हे भांडार बंद झाले. कोणी वाचून दाखवील आणि त्यातले जेवढे स्मरणात राहील, तेवढीच त्याची विद्या. ही अवस्था शतकानुशतके चालली. ती पालटली एका खेडेगावातील कारागिराच्या मुलाने, आणि तेही वयाच्या पंधराव्या वर्षी.

लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कूव्रे या गावी झाला. हे गाव पॅरिसच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. वडील सिमाँ रने ब्रेल हे घोड्यांची खोगिरे, लगाम व चामडी साज तयार करीत. आईचे नाव मोनिक. चार भावंडांत लुई सर्वांत धाकटा. घर मोठे श्रीमंत नव्हते, पण थोडी शेती आणि द्राक्षमळा होता. वडिलांच्या हाताला चांगली कीर्ती होती. घराला लागूनच त्यांचा कारखाना होता. तेथे चामड्याचे तुकडे, सुया, सुऱ्या, आऱ्या अशी हत्यारे असत.

कारागिराच्या घरचे मूल वडिलांची नक्कल करीतच वाढते. १८१२ साली, वय अवघे तीन असताना, लुईने वडिलांप्रमाणे चामड्याला भोक पाडण्याचा प्रयत्न केला. हातातील टोकदार हत्यार निसटले आणि डोळ्यात घुसले. त्या काळी जंतुसंसर्ग म्हणजे काय हे वैद्यांनाच ठाऊक नव्हते, मग त्यावर औषध कोठून असणार? एका डोळ्याचा विकार दुसऱ्या डोळ्यात पसरला. पाचव्या वर्षापर्यंत लुई पूर्ण अंध झाला. पुढील दोन-तीन वर्षे गावावर आणखी एक संकट होते. नेपोलियनच्या पराभवानंतर परदेशी सैनिकांनी कूव्रेत तळ दिला होता व गावकऱ्यांना त्यांचा भार सोसावा लागत होता. अशा दिवसांत अंध मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. अंध माणसाने भीक मागावी किंवा जत्रेत लोकांची करमणूक करावी, हीच तेव्हाची रीत होती.

आईवडिलांनी तसे केले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. काठी टेकीत तो गावभर फिरू लागला. लाकडी फळीवर खिळे ठोकून अक्षरांचे आकारही वडिलांनी त्याला शिकविले, असे सांगतात. गावचे धर्मगुरू झाक पालुई यांनी मुलाची बुद्धी ओळखली व त्याला शिकवावयास घेतले. पुढे शाळेचे शिक्षक बेशेरे यांनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसवून घेतले. लुई ऐकून ऐकून इतरांच्या पुढे जाई. परंतु मुले पुस्तक उघडीत तेव्हा तो हात मांडीवर ठेवून बसे. गावातील एका उमरावाच्या शब्दामुळे त्याला पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत प्रवेश मिळाला. १५ फेब्रुवारी १८१९ रोजी वडील त्याला घेऊन पॅरिसला गेले. त्या वेळी लुई दहा वर्षांचा होता.

ही शाळा त्या काळी अंधांच्या शिक्षणाचे आद्य स्थान होती. व्हॅलेंटिन हाउई या सद्गृहस्थाने ती १७८५ च्या सुमारास स्थापन केली. अंधालाही शिकविता येते हे हाउई यांनी प्रथम जगाला दाखविले. हा त्यांचा उपकार थोर आहे आणि पुढील टीका वाचताना तो विसरता कामा नये. लुई आला तेव्हा शाळा एका जुन्या इमारतीत होती. इमारत पूर्वी धर्मपीठाची पाठशाळा होती आणि क्रांतीच्या काळात तुरुंग. जागा ओलसर, अंधारी व कोंदट होती. अनेक मुले आजारी पडत. लुईच्या छातीचा विकार पुढे बळावला, त्याचे मूळ याच भिंतींत असावे असे त्यांच्या चरित्रकारांना वाटते.

शाळेत विणकाम, टोपल्या, चपला असे हातउद्योग शिकविले जात. संगीत चांगले होते. बाकीचे शिक्षण बहुतांशी तोंडी. आपल्या समाजाला हा मार्ग परका नाही. भगवंतांची वाणी कित्येक शतके श्रुत रूपानेच टिकली. अलीकडच्या काळात पंडित सुखलालजी संघवी यांची दृष्टी वयाच्या सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात गेली, तरी श्रवण व स्मरण यांच्या बळावर त्यांनी न्याय व दर्शनशास्त्रावर असे प्रभुत्व मिळविले की, सन्मतितर्कासारख्या ग्रंथाच्या संपादनात पंडित बेचरदास दोशी यांच्यासह त्यांनी अग्रस्थान भूषविले. पण सुखलालजींसारखी प्रज्ञा विरळा. सामान्य बुद्धीच्या अंध मुलाने काय करावे, हा प्रश्न राहतोच. शिवाय ऐकणाऱ्याला वाचणारा लागतो. त्याला वेळ असेल तेव्हाच विद्या मिळते.

हाउई यांनी यावर उपाय काढला होता. ओल्या कागदावर मोठी अक्षरे दाबून ती उठावदार करावयाची आणि बोटाने चाचपून वाचावयाची. अक्षरे नेहमीच्याच रोमन लिपीतली. विचार उदात्त होता, परंतु त्यात एक मोठी उणीव होती. डोळ्याला एका दृष्टिक्षेपात दिसणारे अक्षर बोटाला मात्र चाचपत शोधावे लागते. वळण कोठे सुरू झाले, रेघ कोठे संपली, हे कळेपर्यंत आधीचे अक्षर विसरले जाई. एकेक पुस्तक अवजड व खर्चिक असल्यामुळे शाळेत पुस्तके मोजकीच होती. आणि या पद्धतीने अंधाला वाचता आले तरी लिहिता येत नसे. हाताने उठाव काढणार कसा? भेटीस येणाऱ्या प्रतिष्ठित मंडळींना मात्र ही पुस्तके फार आवडत, कारण ती त्यांना स्वतःला वाचता येत. देणाऱ्याच्या डोळ्यांना जे शोभून दिसते ते घेणाऱ्याच्या हाताला उपयोगी असतेच असे नाही, आणि चांगल्या हेतूने चालणाऱ्या संस्थांतही ही चूक वारंवार घडते.

१८२१ साली शाळेत एक नवी पद्धत आली. शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याने ती तयार केली होती. अंधारात सैनिकांना निरोप वाचता यावेत म्हणून ती निघाली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. अलीकडील संशोधकांच्या मते मात्र, ज्यांना शाळा मिळाली नाही अशा लोकांना सोपी लिपी द्यावी, असा बार्बिए यांचा व्यापक हेतू होता. ते काही असो. या पद्धतीत अक्षरांच्या रेघा नव्हत्या, टिंबे होती. दोन उभ्या ओळी व प्रत्येकीत सहापर्यंत टिंबे. फ्रेंच भाषेतील ध्वनींचा छत्तीस घरांचा तक्ता करून, एका ओळीतील टिंबांनी आडवी रांग व दुसऱ्या ओळीतील टिंबांनी उभी रांग दाखवावयाची. शिवाय एक पाटी व टोकदार टोचणी होती. तिच्या साहाय्याने अंधाला स्वतः लिहिता येत होते.

रेघेपेक्षा टिंब बोटाला चटकन कळते. कापडाच्या व्यापारात मुरलेला मनुष्य पोत पारखताना पुष्कळदा डोळे बाजूला ठेवतो व चिमटीत कापड धरतो. तलम आणि जाडसर यांतील भेद बोट क्षणात सांगते. कोठे गाठ आली, कोठे धागा तुटला, हेही बोटालाच आधी समजते. पण कापडावरची नक्षी चाचपून ओळख म्हटले तर तेच बोट गोंधळते. हाउई यांची अक्षरे म्हणजे नक्षी होती आणि बार्बिए यांची टिंबे म्हणजे पोत.

बारा वर्षांच्या लुईने नवी पद्धत झटपट आत्मसात केली व तितक्याच झटपट तिचे दोष हेरले. बारा टिंबांचा समूह एका बोटाच्या टोकाखाली मावत नसे. बोट वरखाली फिरवावे लागे, त्यामुळे वेग येत नसे. दुसरा दोष अधिक मोठा होता. ती लिपी ध्वनींची होती. तीत शुद्धलेखन नव्हते, विरामचिन्हे नव्हती, अंक नव्हते, संगीताचे स्वर नव्हते. ज्याला विद्वान व्हावयाचे आहे त्याला ती अपुरी पडणार होती. मुलाने हे दोष सांगितले तेव्हा प्रौढ बार्बिए यांना ते रुचले नाहीत, असे म्हणतात. गरजू माणसाला चार निरोप लिहिता आले की पुरे, अशी त्यांची धारणा असावी. त्या मुलाला मात्र डोळस मुलांना जे जे मिळते ते सारे हवे होते.

पुढील तीन वर्षे लुईने या एकाच गोष्टीचा ध्यास घेतला. दिवसा वर्ग व संगीत, रात्री सर्व निजले की पाटी व टोचणी. सुट्टीत कूव्रेला गेला तरी तेथेही तेच. १८२४ साली, पंधराव्या वर्षी, त्याची लिपी सिद्ध झाली. बारांच्या जागी सहा टिंबे. डाव्या बाजूस वरून खाली पहिले, दुसरे, तिसरे, उजव्या बाजूस चौथे, पाचवे, सहावे. हा समूह बोटाच्या टोकाखाली पूर्ण मावतो, बोट वरखाली करावे लागत नाही. सहा जागांपैकी प्रत्येक जागी टिंब आहे किंवा नाही, असे दोनच पर्याय असल्याने दोनाचा सहा वेळा गुणाकार करून चौसष्ट आकृती होतात. पूर्ण रिकामी एक वगळली तर त्रेसष्ट उरतात. अक्षरे, स्वरभेद, विरामचिन्हे, अंक, सारे त्यात बसते.

यातील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. पहिली दहा अक्षरे केवळ वरच्या चार टिंबांतून बनविली. पुढील दहा अक्षरांसाठी त्याच दहा आकृती घेऊन खाली डावीकडे तिसरे टिंब वाढविले. त्यानंतरच्या अक्षरांसाठी तिसरे व सहावे अशी दोन्ही टिंबे वाढविली. म्हणजे दहा आकृती पाठ झाल्या की बाकीची वर्णमाला आपोआप हाताशी येते. त्याच दहा आकृतींपूर्वी एक खूण घातली की त्या एक ते नऊ व शून्य असे अंक होतात. जमाखर्चाच्या वहीत एकदा खाती नीट लावली की पुढील नोंदी सहज होत जातात, तसेच हे आहे. संगीताचे स्वरही याच चिन्हांतून लिहिण्याची सोय त्यांनी केली. अंध वादकांच्या हाती स्वतः वाचता येईल असे संगीत आले.

लिहिण्याचे साधनही समजून घ्यावयास हवे. जाड कागद पाटीत अडकवितात. वरच्या पट्टीला लहान चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत टोचणीने दाबून टिंबे पाडतात. उठाव कागदाच्या मागील बाजूस येतो, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे लिहावे लागते व वाचताना कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचतात. ही टोचणी म्हणजे एक प्रकारची लहान आरीच. ज्या जातीच्या हत्याराने त्या मुलाची दृष्टी घेतली, त्याच जातीचे हत्यार हाती धरून त्याने हे काम केले.

१८२९ साली ब्रेल यांनी आपल्या पद्धतीची पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत बार्बिए यांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. गंमत अशी की ती पुस्तिका हाउईंच्या उठावदार रोमन अक्षरांतच छापावी लागली. १८३७ मध्ये सुधारित आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीत काही ठिकाणी टिंबांबरोबर आडव्या रेघा होत्या, त्या अनुभवाअंती काढून टाकल्या. त्याच वर्षी शाळेने फ्रान्सच्या इतिहासावरील एक ग्रंथ या लिपीत तीन खंडांत तयार केला. ब्रेल लिपीतील हा पहिला ग्रंथ होय.

मधल्या काळात ब्रेल त्याच शाळेत साहाय्यक शिक्षक व १८३३ मध्ये पूर्ण शिक्षक झाले. त्यांचे मित्र कोल्ता व गोतिए यांनाही त्याच वेळी हे पद मिळाले. त्यापूर्वी अंध व्यक्तीला तेथे असा दर्जा मिळाला नव्हता. ब्रेल इतिहास, भूमिती, बीजगणित शिकवीत. विद्यार्थ्यांवर ओरडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पॅरिसच्या चर्चमध्ये ते ऑर्गनवादनही करीत. प्राप्ती बेताची होती. तरीही कोणा विद्यार्थ्याला पाटी, कोणाला पुस्तक, कोणाला उसने पैसे, असा त्यांचा हात सतत मोकळा असे.

या लिपीविरुद्ध मुख्य आक्षेप असा होता की, ती डोळस लोकांना वाचता येत नाही. अंध आपसांत लिहितील, पण आईबापांना पत्र कसे पाठवतील? आक्षेप खोटा नव्हता. ब्रेल यांनी त्याचेही उत्तर शोधले. १८३९ मध्ये त्यांनी टिंबांनीच रोमन अक्षरांचा आकार काढण्याची रीत प्रसिद्ध केली. दहा टिंबांच्या उंचीची जाळी कल्पून प्रत्येक अक्षराची टिंबे ठरवून दिली. अंधाने ती टोचली की डोळस मनुष्य नेहमीच्या अक्षरांप्रमाणे वाचू शके. हे काम हळू होई. तेव्हा फुको नावाच्या अंध कारागिराने १८४१ च्या सुमारास त्यासाठी यंत्र बनविले. पुढील काळात दुकानांतून बिले छापणारी डॉट मॅट्रिक्स यंत्रे आली. त्यांतील अक्षरे बारकाईने पाहिल्यास तीही टिंबांचीच बनलेली दिसतात. त्या कल्पनेचे एक पूर्वरूप एका अंध शिक्षकाच्या गरजेतून शंभराहून अधिक वर्षे आधीच पॅरिसमध्ये साकारले होते.

एवढे करूनही कठीण प्रसंग आलाच. ब्रेल यांना पाठबळ देणारे संचालक पिन्ये यांना १८४० मध्ये पदावरून दूर करण्यात आले व द्युफो हे संचालक झाले. त्यांनी ब्रेल लिपी बंद केली आणि स्कॉटलंडमधील एका पद्धतीची उठावदार रोमन अक्षरे आणली. त्यांचा युक्तिवाद असा की, अंधांची लिपी वेगळी केली तर अंध समाजापासून वेगळे पडतील. वरवर पाहता हा विचार दयेचा वाटतो. परंतु अंधाला वाचता यावे यापेक्षा त्याचे वाचन डोळसांना कळावे, याला त्यात अधिक महत्त्व होते. जुनी पुस्तके जाळण्यात आली असेही सांगतात. ब्रेल यांनी भांडण केले नाही. ते शिकवीत राहिले. क्षयाने त्यांचे शरीर १८३५ च्या सुमारापासून पोखरले जात होते. अधूनमधून त्यांना विश्रांतीसाठी कूव्रेला जावे लागे.

लिपी टिकविली ती विद्यार्थ्यांनी. पाटी व टोचणी बंद झाली तर मुले विणकामाच्या सुया, खिळे, हाती येईल ते घेऊन रात्री टिंबे पाडीत. रोजनिशी, पत्रे, धड्यांची टिपणे त्यातच लिहीत. थोरले धाकट्यांना शिकवीत. ज्याला एकदा स्वतःच्या हाताने लिहिलेले स्वतः वाचता आले, त्याला पुन्हा परावलंबी कसे करणार? उपसंचालक ग्वादे हे सारे पाहत होते. त्यांनी द्युफो यांचे मन वळविले. शाळेची नवी प्रशस्त इमारत तयार झाली होती. २२ फेब्रुवारी १८४४ रोजी तिच्या उद्घाटन समारंभात ग्वादे यांनी ब्रेल लिपीची माहिती सर्वांसमक्ष सांगितली. विद्यार्थ्यांनी तेथेच मजकूर लिहून व वाचून दाखविला. ज्या द्युफो यांनी बंदी घातली त्यांनीच बंदी उठविली, हेही त्यांच्या खाती जमा केले पाहिजे.

त्यानंतर ब्रेल यांना फार वर्षे मिळाली नाहीत. १८५० मध्ये त्यांनी निवृत्ती मागितली, पण शाळेनेच त्यांना ठेवून घेतले. डिसेंबर १८५१ मध्ये रक्तस्राव झाला. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवसांनी, त्यांनी देह ठेवला. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी त्याची दखलही घेतली नाही. कूव्रेच्या स्मशानात त्यांचे दफन झाले.

त्यांच्या सामानात एक लहान पेटी निघाली. ती न उघडता जाळावी, असे त्यावर लिहिले होते. मित्रांना राहवले नाही, त्यांनी ती उघडली. आत विद्यार्थ्यांनी व इतरांनी लिहून दिलेल्या उसनवारीच्या चिठ्ठ्या होत्या. वसूल न केलेले हे येणे कोणाला कळू नये व ऋणकोला खाली पाहावे लागू नये, एवढ्यासाठी ती पेटी जाळावयाची होती. मित्रांनी मग चिठ्ठ्या अग्नीत टाकल्या. येणे सोडून देणारे सावकार क्वचित सापडतात. पण येणे होते याचा पुरावाही मागे राहू नये अशी तजवीज मृत्यूपूर्वी करणारा मनुष्य कोणत्याही काळात दुर्मीळच.

१८५४ मध्ये फ्रान्सच्या सरकारने ब्रेल लिपीला अधिकृत मान्यता दिली. १८७८ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अंधांसाठी हीच पद्धत योग्य ठरविली. इंग्लंड-अमेरिकेत बरीच वर्षे इतर टिंबलिपींचा वाद चालला व १९३२ मध्ये इंग्रजीसाठी एकच प्रमाण ब्रेल ठरले.

भारतात मिशनरी मंडळींनी अंधशाळा काढल्या. १८८७ मध्ये अमृतसरला पहिली शाळा निघाली. मुंबईत १९०० मध्ये दादरच्या शाळेचा आरंभ झाला. परंतु येथे प्रत्येक प्रांताने आपापले ब्रेल संकेत केले. एका प्रांतातील अंधाला दुसऱ्या प्रांतातील पुस्तक निरुपयोगी. अखेर स्वातंत्र्यानंतर, युनेस्कोच्या साहाय्याने विचारविनिमय होऊन १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरले. त्याचे तत्त्व असे की, भारतीय भाषांतील समान ध्वनीला शक्यतो एकच चिन्ह असावे व ते जागतिक ब्रेलशी जुळावे. मराठीतील क, गुजरातीतील क व तमिळमधील क डोळ्यांना वेगळे दिसतात, बोटाला मात्र एकच लागतात. आपण जिन हा शब्द लिहितो तेव्हा ऱ्हस्व वेलांटी ज च्या आधी काढतो, उच्चार मात्र नंतर करतो. भारती ब्रेलमध्ये उच्चाराप्रमाणेच प्रथम ज, मग इ, मग न अशी तीन चिन्हे येतात. ज म्हणजे दुसरे, चौथे व पाचवे टिंब. इ म्हणजे दुसरे व चौथे. न म्हणजे पहिले, तिसरे, चौथे व पाचवे. एवढी नऊ टिंबे कागदावर उठली की अंध श्रावकाच्या बोटाखाली तो शब्द उभा राहतो.

१९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. पुढे ब्रेल छापखाने, टंकयंत्रे व ध्वनिमुद्रित पुस्तके आली. संगणक आल्यावर पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी सॉफ्टवेअर निघाली, तेव्हा आता ब्रेलची गरज संपली असे अनेकांना वाटले. पण ऐकून शुद्धलेखन येत नाही, गणित सोडविता येत नाही आणि सामायिकाच्या वेळी पाठ मनातल्या मनात वाचता येत नाही. म्हणून संगणकाला जोडण्याची अशी पट्टी निघाली की, तिच्यातील बारीक खुंट्या विजेच्या साहाय्याने वर-खाली होऊन बोटाखाली ओळीमागून ओळ उमटवितात. संगणकासाठी तीत आणखी दोन टिंबे वाढविली. मूळचे सहा आपल्या जागी तसेच आहेत. ही पट्टी अद्याप महाग आहे. साधी ब्रेल पाटी मात्र कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातली वस्तू आहे.

पुस्तकांची टंचाई अजून संपलेली नाही. लेखक-प्रकाशकांच्या हक्कांमुळे ब्रेल प्रती काढण्यास अडचण येई. भारताने २०१२ मध्ये आपला कायदा बदलला. २०१३ मध्ये माराकेश येथे यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला व २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. त्यामुळे अंधांसाठी ब्रेल वा ध्वनिरूप प्रत ना-नफा तत्त्वावर काढणाऱ्या संस्थेचा मार्ग मोकळा झाला. धार्मिक ग्रंथांपैकी पुष्कळांना तर असा हक्काचा प्रश्नच नाही. तेथे अडचण फक्त ते काम हाती घेणाऱ्यांची.

ब्रेल यांच्या निधनाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९५२ मध्ये, फ्रान्सने त्यांच्या अस्थी राष्ट्रपुरुषांच्या पँथिऑन या स्मारकात नेल्या. त्या सोहळ्यासाठी हेलन केलर पॅरिसला आल्या होत्या. २००९ मध्ये जन्मद्विशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले दोन रुपयांचे नाणे काढले. ते पुष्कळांच्या गल्ल्यातून येऊन गेले असेल. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार २०१९ पासून ४ जानेवारी हा जागतिक ब्रेल दिन म्हणून पाळला जातो. पँथिऑनमध्ये अस्थी नेताना कूव्रेच्या गावकऱ्यांच्या इच्छेला मान देऊन त्यांच्या हातांच्या अस्थी मात्र गावातच ठेवल्या. त्या एका लहान कलशात त्यांच्या मूळ समाधीवर आहेत. वडिलांचा कारखाना असलेले ते घर आज संग्रहालय आहे आणि चामड्याच्या कामाची हत्यारे तेथे पाहावयास मिळतात.